उंच उडणाऱ्याचाच गुडघा

व्हॉलीबॉल हा दोन संघांच्या मध्ये जाळी बांधून, प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला न भिडता खेळायचा खेळ असल्यामुळे तो सुरक्षित समजला जातो, आणि हा समज बऱ्याच अंशी खरा आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतील होलिओक येथे विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ तयार केला, तोच मुळी बास्केटबॉलमधील धक्काबुक्की न झेपणाऱ्या प्रौढ सभासदांना व्यायाम मिळावा म्हणून. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाने २०१० ते २०१४ या काळात आपल्या मोठ्या स्पर्धांमधील दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवली, तेव्हा सामन्यांतील दुखापतींचे प्रमाण दर हजार खेळाडू-तासांमागे १०.७ इतके आढळले. खेळाडू-तास म्हणजे एका खेळाडूने मैदानात घालवलेला एक तास. मैदानावर एका वेळी बारा जण असतात, हे लक्षात घेऊन हिशेब केला तर साधारणपणे आठ तासांच्या प्रत्यक्ष खेळामागे एक दुखापत, असा त्याचा अर्थ निघतो. फुटबॉल किंवा हँडबॉलच्या तुलनेत हे प्रमाण कमीच आहे.

मात्र याच नोंदींमध्ये दुखापत कोणत्या अवयवाला झाली हे पाहिले की या खेळाचा खरा स्वभाव कळतो. एकूण दुखापतींपैकी सुमारे २६ टक्के घोट्याच्या, १५ टक्के गुडघ्याच्या, जवळपास ११ टक्के बोटांच्या आणि ९ टक्के कमरेच्या होत्या, आणि ज्याला नियमानुसार स्मॅश किंवा ब्लॉक करता येत नाही अशा लिबेरो या बचावपटूला धोका सर्वांत कमी होता. पुरुषांसाठी २.४३ मीटर आणि महिलांसाठी २.२४ मीटर उंचीच्या जाळीवर पोहोचण्यासाठी खेळाडूला वारंवार हवेत जावे लागते, आणि व्हॉलीबॉलमधील बहुतेक गंभीर दुखापती हवेत जाण्यात नव्हे, तर जमिनीवर परत येण्यात दडलेल्या असतात. हे उतरणे एखाद्या शरीराला का बाधते आणि दुसऱ्याला का बाधत नाही, याची उत्तरे गेल्या चार दशकांतील संशोधनाने बऱ्यापैकी दिली आहेत. त्यांतील काही मैदानावरच्या रूढ समजुतींच्या अगदी उलट आहेत.

घोट्यापासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण अचानक होणाऱ्या दुखापतींमध्ये त्याचा क्रमांक पहिला आहे. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना हाडांशी बांधून ठेवणारे जे चिवट पट्टे असतात त्यांना अस्थिबंध म्हणतात, आणि पाऊल आतल्या बाजूला वळले की तेच ताणले जातात किंवा फाटतात; बोलीत याला घोटा मुरगळणे म्हणतात. हे कसे घडते, याचे बारकाईने निरीक्षण जागतिक स्पर्धांच्या चित्रफितींवरून करण्यात आले आहे. स्मॅश मारणारा खेळाडू धावत येऊन उडी घेतो, त्याच्या शरीराला पुढे जाण्याची गती असते आणि त्यामुळे उतरताना त्याचे पाऊल मध्यरेषेवर किंवा किंचित पलीकडे पडते; समोरचा ब्लॉक करणारा खेळाडू मात्र जवळजवळ सरळ वर गेलेला असतो आणि एखाद्या क्षणाने उशिरा खाली येतो, तो नेमका त्या पावलावर. स्मॅश मारणाऱ्याने नियम मोडलेला असतोच असे नाही, कारण पावलाचा काही भाग मध्यरेषेवर किंवा तिच्या बरोबर वर असेपर्यंत ते पाऊल पलीकडे गेलेले चालते. दुखापत बहुतेक वेळा ब्लॉक करणाऱ्याला होते आणि चूक कोणाचीच नोंदली जात नाही. हा नियम खेळाडूंच्या पायांचा विचार करून केलेला आहे, असे म्हणणे कठीण आहे.

या चित्रफितींनी आणखी एक गोष्ट दाखवली. पूर्वी असे मानले जाई की, बोटे खाली झुकलेल्या स्थितीत पाऊल टेकले की घोटा मुरगळतो. प्रत्यक्षात पाऊल फारसे न झुकताही अतिशय वेगाने आत वळते. हा वेग इतका असतो की नडगीच्या बाहेरच्या बाजूचे, पाऊल सावरणारे स्नायू संदेश येऊन आकसण्याच्या आतच अस्थिबंध ताणला गेलेला असतो. तेव्हा स्नायू नुसते बळकट असून भागत नाही, पाऊल टेकण्यापूर्वीच ते सज्ज असावे लागतात. आपला अवयव कोणत्या कोनात आहे, हे न पाहता कळण्याची जी क्षमता सांध्यांत असते, तिला स्थितिभान म्हणता येईल, आणि एकदा मुरगळलेल्या घोट्यात नेमके हेच भान मंदावते. सूज उतरते, दुखणे थांबते, खेळाडू मैदानावर परततो, परंतु सांध्याची जाणीव पूर्ववत झालेली नसते.

म्हणूनच घोट्याच्या दुखापतीचे भाकीत करणारा सर्वांत ठळक शारीरिक घटक उंची, वजन किंवा लवचीकता हा नसून आधीची दुखापत हा आहे. नॉर्वेतील पहिल्या दोन श्रेणींच्या खेळाडूंचा एका हंगामात पाठपुरावा करून रोआल्ड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अचानक झालेल्या दुखापतींपैकी ५४ टक्के घोट्याच्या होत्या आणि त्यांतील बहुसंख्य आधीच कधीतरी मुरगळलेल्या घोट्यांना झाल्या होत्या. मागची दुखापत जितकी अलीकडची, तितका धोका जास्त. याच गटाने नंतर खेळाडूंना उडीपूर्वीचे शेवटचे पाऊल कसे टाकावे, जाळीजवळ कसे उतरावे याचे तंत्र शिकवले आणि तोल सांभाळण्याच्या डगमगत्या फळीवर व्यायाम दिले, तेव्हा घोटा मुरगळण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

नेदरलँड्समध्ये २००१-०२ च्या हंगामात ११६ संघांवर झालेला प्रयोग अधिक बोधक आहे. तेथेही डगमगत्या फळीवरच्या व्यायामाने घोट्याच्या दुखापती घटल्या, पण फायदा झाला तो पूर्वी घोटा मुरगळलेल्यांनाच. ज्यांचा घोटा कधीच दुखावला नव्हता त्यांना विशेष फरक पडला नाही, आणि ज्यांच्या गुडघ्याला पूर्वी इजा झाली होती त्यांच्यात गुडघ्याचे दुखणे उलट वाढले. सर्वांना एकच व्यायाम लावून देणाऱ्या प्रशिक्षकांनी या निष्कर्षाकडे जरूर लक्ष द्यावे. घोट्याला वरदान ठरलेला व्यायाम शेजारच्या खेळाडूच्या गुडघ्याला जाचक ठरू शकतो. कोणाला काय द्यायचे, हे त्या शरीराचा पूर्वेतिहास विचारल्याशिवाय ठरवता येत नाही.

गुडघ्याची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण येथे बहुधा एखादा दुर्दैवी क्षण नसतो. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीला धरतो आणि वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या हाडापर्यंत एक जाड, दोरखंडासारखी कंडरा जाते. कंडरा म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवणारा चिवट पट्टा. उडी घेण्यापूर्वी खेळाडू गुडघे वाकवतो तेव्हा ही कंडरा ताणली जाऊन ऊर्जा साठवते आणि पुढच्या क्षणी ती परत देते. उतरताना तिला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पेलावा लागतो. असे हजारो वेळा झाले आणि दोन भारांच्या मध्ये तिला सावरायला पुरेसा अवधी मिळाला नाही की तिच्या तंतूंची रचना बिघडू लागते आणि वाटीच्या खालच्या टोकाला बोट ठेवून दाखवता येईल असे नेमके दुखणे सुरू होते. सरावाच्या सुरुवातीला दुखते, अंग तापल्यावर कमी होते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पुन्हा जाणवते, ही त्याची खूण. वैद्यकात १९७३ पासून याला ‘जम्पर्स नी’ म्हणजे उडी मारणाऱ्याचा गुडघा हे नाव आहे. नॉर्वेतील निरनिराळ्या खेळांच्या अव्वल खेळाडूंची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात व्हॉलीबॉलपटूंमध्ये हे दुखणे ४४.६ टक्क्यांना, म्हणजे पाहिलेल्या खेळांत सर्वाधिक प्रमाणात आढळले, बास्केटबॉल ३१.९ टक्क्यांसह त्याच्या मागे होता. नेदरलँड्समधील हौशी व्हॉलीबॉलपटूंतही हे प्रमाण १४.४ टक्के निघाले, त्यामुळे हा केवळ व्यावसायिकांचा आजार म्हणता येत नाही.

हा गुडघा कोणाचा दुखतो? सहज सुचणारे उत्तर म्हणजे कमकुवत पायांच्या खेळाडूचा, आणि ते चुकीचे आहे. नॉर्वेतील क्रीडा विद्यालयात शिकणाऱ्या होतकरू खेळाडूंवर अनेक वर्षे लक्ष ठेवून हावार व्हिस्नेस आणि बार यांनी दाखवले की, ज्यांना पुढे हे दुखणे जडले ते विद्यालयात आले तेव्हाच इतरांपेक्षा उंच उडत होते. संशोधनात याला उडीचा विरोधाभास म्हणतात; विचार केला तर त्यात विरोधाभास फारसा नाही. ज्याची उडी उंच, त्याच्या कंडरेवरचा ताण प्रत्येक उडीमागे जास्त; त्यात असा खेळाडू संघाचा हुकमी असल्याने चेंडू उभारून देणारा लिफ्टर तो त्यालाच देतो, प्रशिक्षक त्याला बाकावर बसवत नाही, शाळेचा संघ, क्लबचा संघ आणि जिल्ह्याचा संघ असे तिन्ही त्याच्यावर हक्क सांगतात. याच अभ्यासमालेत आठवड्यातील सरावाचा प्रत्येक जादा तास धोका वाढवताना दिसला आणि सामन्यांतील प्रत्येक जादा सेट त्याहूनही अधिक. तरुण खेळाडूंच्या ११,९४३ उड्या चित्रफितींवरून मोजणाऱ्या दुसऱ्या एका पाहणीत असे आढळले की, एकाच संघात, एकाच सरावात कोण किती वेळा उडतो यात प्रचंड तफावत असते. सगळ्यांनी दोन तास सराव केला, एवढ्या नोंदीवरून कोणाच्या गुडघ्याने किती सोसले हे कळतच नाही.

वाढत्या वयात ही विषमता अधिक धारदार होते. बर्लिनमधील संशोधकांनी किशोरवयीन व्हॉलीबॉलपटूंच्या मांडीचा स्नायू आणि वाटीखालची कंडरा यांची मोजमापे घेतली, तेव्हा स्नायूचे बळ वाढते त्या मानाने कंडरेचा ताठरपणा वाढत नाही, असा असमतोल त्यांना अनेकांत दिसला. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि तो काही आठवड्यांत बळकट होतो. कंडरेची उलाढाल संथ, तिला महिने लागतात. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा एका हंगामात अचानक उंच उडू लागला की सगळे खूश होतात, पण त्याच्या गुडघ्यातील दोरखंड अजून जुन्याच मापाचा असतो. याहून लहान वयात, हाडांची वाढ चालू असताना, कंडरा जेथे नडगीला चिकटते ती जागा कोवळी असते. तेथे टेंगूळ येऊन दुखू लागते, याला ऑसगुड-श्लाटर विकार म्हणतात. तो बहुधा वाढ थांबल्यावर आपोआप शमतो, मात्र तोपर्यंत उड्यांवर लगाम हवा.

गुडघ्याच्या दुखण्याचे आणखी एक कारण गुडघ्यात नसून खाली घोट्यात असते. उतरताना टाच टेकल्यावर नडगी पावलावर पुढे झुकते आणि त्या झुकण्यात आघाताचा मोठा वाटा जिरतो. पोटरी आखडलेली असेल किंवा जुन्या दुखापतीने घोटा ताठरला असेल तर ही झुक अपुरी पडते आणि न जिरलेला भार गुडघ्याला उचलावा लागतो. घोट्याची ही झुक कमी असणाऱ्या व्हॉलीबॉलपटूंत वाटीखालच्या कंडरेचे विकार अधिक असतात, हे ऑस्ट्रेलियातील पाहणीत दिसून आले आहे. घोटा मुरगळण्याशीही तिचा संबंध दाखवणारे अभ्यास आहेत. तपासणी अगदी सोपी आहे. अनवाणी पायाने भिंतीसमोर उभे राहावे, अंगठ्याचे टोक भिंतीपासून दहा सेंटीमीटरवर ठेवावे आणि टाच न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवावा. सहज टेकला तर ठीक. टाच उचलली गेली किंवा पाऊल आत कोसळले तर झुक कमी आहे, आणि दोन पायांत दोन-तीन सेंटीमीटरचा फरक निघाला तर जुनी दुखापत पुरती बरी झालेली नाही, असे समजायला हरकत नाही. टाचा टेकवून उकिडवे बसण्यातही हाच कोन लागतो. खुर्ची आणि कमोडवर वाढलेल्या शहरी मुलांना तसे बसता येईनासे झाले आहे ही तक्रार घरोघरी ऐकू येते. व्हॉलीबॉलच्या प्रशिक्षकाने ती अधिक गांभीर्याने घ्यावी.

उतरण्याची जागाही यात वाटेकरी आहे. इटलीतील आंद्रेया फेरेत्ती यांनी १९८० च्या दशकात केलेल्या पाहणीत सिमेंटसारख्या कठीण पृष्ठभागावर सराव करणाऱ्यांत हा विकार लाकडी जमिनीवर खेळणाऱ्यांच्या तुलनेत कितीतरी जास्त आढळला होता. महाराष्ट्रात खेड्यांतील मातीची मैदाने या बाबतीत शहरांतील सिमेंटच्या अंगणांपेक्षा बरी म्हणावी लागतील, मात्र खाचखळगे बुजवून ती सपाट ठेवली असतील तरच. नाहीतर गुडघा वाचतो आणि घोटा जातो.

गुडघ्याची एक अचानक होणारी, करिअर संपवू शकणारी दुखापत म्हणजे सांध्याच्या आतील पुढच्या अस्थिबंधाचे फाटणे. वृत्तपत्रांत ती ‘एसीएल’ या अक्षरांनी ओळखली जाते. व्हॉलीबॉलमध्ये ती वारंवार होत नाही, पण झाली की बहुधा कोणाच्याही धक्क्याविना, एका पायावर उतरताना होते. उजव्या हाताने स्मॅश मारणारा खेळाडू चेंडू थोडा मागे किंवा बाजूला आला की हवेत कलतो आणि डाव्या पायावर उतरतो. गुडघा पुरेसा वाकलेला नसेल आणि आत कोसळला तर अस्थिबंधावर एकाच वेळी ओढ आणि पीळ पडतो. तारुण्यात आलेल्या मुलींमध्ये गुडघा असा आत वळण्याची प्रवृत्ती मुलांपेक्षा जास्त दिसते, आणि उडीच्या खेळांत त्यांच्यात ही दुखापतही अधिक असते. नितंबाच्या बाजूचे आणि मांडीमागचे स्नायू बळकट करून दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरण्याची सवय लावल्यास धोका घटतो. या वयातील मुलींना व्हॉलीबॉल शिकवताना स्मॅशच्या आधी उतरणे शिकवले पाहिजे. होते मात्र नेमके उलट.

खांदा हा या खेळातील सगळ्यांत फसवा सांधा. आठवड्याला सोळा ते वीस तास सराव करणारा आक्रमक खेळाडू वर्षाला सुमारे चाळीस हजार स्मॅश मारतो, असा एक अंदाज आहे. चेंडू जेमतेम २६० ते २८० ग्रॅमचा, त्यामुळे आघात फार मोठा नसतो. कठीण काम असते ते सुसाट पुढे गेलेला हात थांबवण्याचे. हात पुढे फेकणारे छातीचे स्नायू वर्षानुवर्षांच्या सरावाने बळावतात, तर त्याला रोखणारे खांद्याच्या मागचे छोटे स्नायू मागे पडतात. सांध्याच्या मागची बाजू आखडते आणि हात आत वळवण्याची क्षमता घटते. खांद्याचे पाते पाठीवर नीट सरकेनासे झाले तर दुखणे जवळपास ठरलेलेच. फेरेत्ती यांनीच १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अव्वल दर्जाच्या ९६ खेळाडूंपैकी बारा जणांच्या खेळत्या हाताच्या पात्यामागील एक स्नायू अंशतः लुळा पडलेला आढळला, आणि त्यांपैकी कोणालाही त्याची जाणीव नव्हती. पात्याच्या कडेवरून वळसा घेऊन जाणारा मज्जातंतू वारंवार ताणला गेल्याने हे घडते. चेंडू न फिरता डोलत जावा म्हणून फ्लोट सर्व्हिसमध्ये हात फटक्यानंतर एकदम आवरला जातो, आणि त्या आवरण्यात हा मज्जातंतू ओढला जात असावा, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. खेळाडूला शर्ट काढून पाठमोरे उभे केले तर पात्यावरचा खळगा दिसू शकतो. दुखत नाही म्हणून तो कोणी पाहत नाही.

कमरेचे दुखणे स्मॅशच्या वेळी पाठीची कमान करून वळण्यातून, तर बोटांची दुखापत ब्लॉक करताना बोटे सैल राहिल्याने येते; धड सावरणारे पोटाचे व पाठीचे स्नायू आणि ब्लॉकचे चोख तंत्र यांवर दोन्हींची मदार आहे.

या सर्व घटकांत उंची, लिंग, वय आणि हाडांची ठेवण बदलता येत नाही. घोट्याची झुक, स्नायूंचा समतोल, उतरण्याची पद्धत आणि उड्यांची संख्या बदलता येते. त्यांतील शेवटचा घटक वगळून बाकीचे सुधारण्याचा मोह सर्वत्र आहे, कारण व्यायाम सांगणे सोपे आणि चांगल्या खेळाडूला सामन्याबाहेर ठेवणे अवघड. व्हिस्नेस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गुडघा दुखणाऱ्या खेळाडूंना, हंगाम चालू असतानाच, कंडरा बळकट करण्याचा त्या काळी नावाजलेला व्यायाम देऊन पाहिला. खेळ आणि उड्या पूर्ववत चालू होत्या. व्यायामाचा काहीही उपयोग झाला नाही.

शालेय व जिल्हा पातळीवर संघ निवडताना उंची आणि उडी मोजली जाते. त्याच वेळी प्रत्येक खेळाडूचा घोटा यापूर्वी कधी मुरगळला होता, भिंतीच्या तपासणीत दोन्ही पायांत किती फरक निघाला आणि तो आणखी किती संघांकडून खेळतो, एवढ्या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवायला पाच मिनिटे पुरतात. प्रशिक्षकांनी येत्या हंगामापासून ती वही सुरू करावी, आणि संघात सर्वांत उंच उडणाऱ्याच्या नावापुढे आठवड्यातील सेटची संख्याही लिहीत जावी.